डिस्ने आणि लुकासफिल्म, २०१२: एका विक्रीचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

सँडी चक्रीवादळामुळे न्यूयॉर्कचा शेअर बाजार बंद होता. त्याच दिवशी, ३० ऑक्टोबर २०१२ ला, वॉल्ट डिस्ने कंपनीने 'स्टार वॉर्स' चित्रपट बनवणारी लुकासफिल्म ही कंपनी विकत घेत असल्याचं जाहीर केलं. किंमत ४.०५ अब्ज डॉलर, म्हणजे तेव्हाच्या दराने साधारण बावीस हजार कोटी रुपये. अर्धे पैसे रोख, अर्धे डिस्नेच्या शेअरच्या रूपात. एवढ्या मोठ्या विक्रीत एरवी भागधारकांची सभा, संचालकांमधले गट, तिसऱ्याची वरचढ बोली असं सगळं नाट्य घडतं. इथे विकणाऱ्या बाजूला त्यातलं काहीच नव्हतं, कारण लुकासफिल्मचे शंभर टक्के मालक एकटे तिचे संस्थापक, दिग्दर्शक जॉर्ज लुकास होते.

ही मालकी त्यांच्याकडे कशी टिकली, हे आधी पाहायला हवं. १९७७ च्या मे महिन्यात पहिला 'स्टार वॉर्स' हा अंतराळपट आला, त्याला पैसा ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्स या स्टुडिओचा होता. करार करताना लुकास यांनी मानधन वाढवून मागितलं नाही. त्याऐवजी पुढच्या भागांचे आणि खेळणी, कपडे वगैरे मालाचे हक्क आपल्याकडे ठेवून घेतले. स्टुडिओला तेव्हा त्यात फारसं मोल दिसलं नाही. चित्रपट मात्र असा चालला की त्या नाताळात खेळणी बनवणाऱ्या केनर कंपनीची धांदल उडाली. बाहुल्या तयारच नव्हत्या, म्हणून दुकानांतून जवळजवळ रिकामी खोकी विकली गेली. आत एक प्रमाणपत्र होतं, ते पाठवलं की खेळणी मागाहून पोस्टाने घरी येणार! १९८० चा दुसरा भाग लुकास यांनी स्वतःच्या पैशांतून आणि बँकेचं कर्ज काढून केला. स्टुडिओच्या साहेबांनी आपल्या कथेला हात लावू नये, एवढ्यासाठी त्यांनी हा सगळा खटाटोप केला होता. पुढे जे बिनसलं, त्याचं मूळ इथे आहे.

दुसऱ्या बाजूला बॉब आयगर. २००५ मध्ये डिस्नेची सूत्रं हाती आल्यावर त्यांनी २००६ मध्ये ७.४ अब्ज डॉलरना अ‍ॅनिमेशनपट बनवणारी पिक्सार आणि २००९ मध्ये सुमारे ४ अब्जांना सुपरहिरोंच्या कॉमिक्स-चित्रपटांची मार्व्हल घेतली. गंमत म्हणजे पिक्सार मुळात लुकासफिल्मचाच संगणक विभाग होता. १९८६ मध्ये लुकास यांनी तो स्टीव्ह जॉब्ज यांना विकला होता. आपल्याकडेही डिस्नेची खरेदी चालू होतीच. मुंबईची चित्रपट आणि वाहिन्यांची कंपनी यूटीव्ही याच २०१२ च्या सुरुवातीला पूर्णपणे त्यांच्या ताब्यात गेली.

प्रश्न काय होता

लुकास तेव्हा ६८ वर्षांचे होते. १९९९ ते २००५ दरम्यान आलेल्या तीन पूर्वकथांनी (मूळ कथेच्या आधीचा काळ सांगणाऱ्या चित्रपटांनी) पैसा भरपूर मिळवला, पण जुन्या चाहत्यांनी त्यांच्यावर वर्षानुवर्षं आगपाखड केली. आता मोठे चित्रपट करायचे नाहीत, असं ते उघडपणे म्हणू लागले होते. पण कंपनी फक्त त्यांची नव्हती. पडद्यावरचे विशेष परिणाम घडवणारी इंडस्ट्रियल लाइट अँड मॅजिक, ध्वनीचं काम करणारी स्कायवॉकर साउंड, व्हिडिओ गेम बनवणारी लुकासआर्ट्स हे सगळे विभाग आणि तिथली माणसं एका माणसाच्या मर्जीवर आणि प्रकृतीवर चालली होती. मालकच निवृत्त झाला तर पुढे काय, हा त्यांचा प्रश्न.

डिस्नेचा प्रश्न वेगळा होता. मार्च २०१२ मध्ये त्यांचा अंतराळपट 'जॉन कार्टर' असा आपटला की त्यावर सुमारे २० कोटी डॉलरचा तोटा होईल असं कंपनीला जाहीर करावं लागलं. पुढच्याच महिन्यात स्टुडिओप्रमुख पायउतार झाले. नवं विश्व शून्यातून उभारायचं तर काय किंमत मोजावी लागते, हे ताजं ताजं कळलेलं होतं. शिवाय डिस्नेची ओळख राजकन्यांची. मुलग्यांच्या खेळण्यांच्या बाजारात त्यांची बाजू लंगडी होती, ती मार्व्हलने थोडी सावरली होती.

मात्र लुकासफिल्म ही किंमत ठरवायला अवघड वस्तू होती. पिक्सार घेतली तेव्हा तिथे पुढचे कितीतरी चित्रपट तयार होत होते. मार्व्हलकडे हजारो पात्रं होती. लुकासफिल्मकडे २००५ नंतर मुख्य मालिकेचा एकही भाग आलेला नव्हता आणि एकही तयार होत नव्हता. खेळण्यांच्या आणि इतर परवान्यांतून २०१२ साली सुमारे २१.५ कोटी डॉलर येतील असा अंदाज होता, हा हिशेबातला भक्कम आकडा. बाकी सगळं पुढच्या चित्रपटांवर. त्यातही मेख अशी की जुन्या सहाही चित्रपटांचं वितरण फॉक्सकडे होतं. पाचांचं मे २०२० पर्यंत आणि पहिल्या चित्रपटाचं कायमचं.

समोरचे पर्याय

लुकास यांच्यापुढे तीन वाटा दिसतात. कंपनी स्वतःकडे ठेवून दुसऱ्याच्या हाती कारभार द्यायचा, शेअर बाजारात उतरायचं किंवा विकायचं. शेअर बाजार म्हणजे दर तिमाहीला परक्या माणसांना हिशेब देणं. आयुष्यभर साहेबांपासून पळालेल्या माणसाने ते स्वीकारलं असतं असं मला वाटत नाही. पहिली वाट खरी होती आणि त्यांनी तिची तयारीही केली. जून २०१२ मध्ये अनुभवी निर्मात्या कॅथलीन केनेडी सहअध्यक्ष म्हणून आल्या. मात्र ही नेमणूक दोन्ही वाटांना सोयीची होती. विक्री झाली नाही तर वारस तयार, झाली तर कंपनीसोबत कर्णधारही मिळतो, म्हणजे भाव वाढतो. लुकास यांचा धंद्याचा हिशेब किती पक्का होता, ते इथे दिसतं.

विकायचं तर कोणाला? डिस्नेशी त्यांचं नातं जुनं होतं. डिस्नेलँडमध्ये 'स्टार टूर्स' ही सफर जानेवारी १९८७ पासून चालू होती. तिची नवी आवृत्ती मे २०११ मध्ये फ्लोरिडात सुरू झाली, त्या निमित्ताने आयगर यांनी विक्रीचा विषय काढला. लुकास तेव्हा तयार नव्हते. आयगर यांनी घाई केली नाही, आणि या साऱ्या प्रकरणातला हा त्यांचा सर्वांत शहाणा निर्णय मानायला हरकत नाही. पिक्सार घेतल्यानंतर डिस्नेने तिथली माणसं आणि कामाची रीत फारशी बदलली नव्हती, ते लुकास यांनी बाहेरून पाहिलं होतं. ती त्यांच्या दृष्टीने मोठी खात्री होती.

डिस्नेलाही पर्याय होते. सफरींपुरता परवाना चालू ठेवता आला असता किंवा फक्त नव्या चित्रपटांत भागीदारी मागता आली असती. पण परवानाधारकाला कथा ठरवता येत नाही, आणि खेळणी, उद्याने, वाहिन्या, चित्रपट असं सगळं एकमेकांत गुंफून कमाई करणं हाच डिस्नेचा धंदा आहे. त्याला अर्धी मालकी पुरत नाही.

करार

लुकास यांना पिक्सारइतका भाव हवा होता. तो मिळणार नाही, हे आयगर यांनी सुरुवातीलाच सांगितलं, कारण तयार होत असलेले चित्रपट नव्हते. मग निदान मार्व्हलच्या खाली नको, असा सूर लागला आणि आकडा त्याच्या आसपास येऊन थांबला. करार पूर्ण झाला २१ डिसेंबर २०१२ ला. प्रत्यक्षात २.२ अब्ज डॉलर रोख आणि ३.७१ कोटी शेअर दिले गेले. त्या दिवशी शेअरचा भाव बरोबर ५० डॉलर होता.

तारीख डिसेंबरचीच का? अमेरिकेत भांडवली नफ्यावरच्या कराची सवलत २०१२ संपताच जाणार होती. वरच्या उत्पन्नगटाला १५ टक्क्यांचा दर १ जानेवारीपासून २० झाला, त्यावर ३.८ टक्क्यांचा नवा अधिभार वेगळा. चार अब्जांच्या व्यवहारात एवढा फरक म्हणजे कोट्यवधी डॉलर. उशीर करणं लुकास यांना परवडणारं नव्हतं, आणि हे समोरच्यालाही ठाऊक होतं.

आता खरा पेच. लुकास यांनी नव्या तीन चित्रपटांची कथासूत्रं लिहून ठेवली होती. बोलणी निम्म्यावर आल्यावर ती डिस्नेच्या मोजक्या माणसांना वाचायला दिली गेली. डिस्नेने ती व्यवहारात घेतली, पण करारात स्पष्ट ठेवलं की ती वापरण्याचं बंधन कंपनीवर नाही. शेवटचा शब्द डिस्नेचा. लुकास सल्लागार राहणार, सल्ला मानायचा की नाही ते नवे मालक ठरवणार. लुकास यांनी हे वाचूनच सही केली. फसवणूक कुठेही नव्हती. पण हक्क सोडतो असं कागदावर लिहून देणं आणि तो सुटल्याचं मनाला पटणं यांत अंतर असतं. वाडा बिल्डरला देताना म्हाताऱ्या मालकाने आपल्या हाताने काढलेला नव्या इमारतीचा नकाशाही सोबत द्यावा आणि बिल्डरने तो नम्रपणे घ्यावा, तसं झालं. नकाशा घेतला म्हणजे तो वापरणार, असं मालकाने धरलं. बिल्डरने तसा शब्द दिलेला नव्हता, आणि तसं होणार नाही हेही बोलून दाखवलं नव्हतं.

पहिली ठिणगी

जानेवारी २०१३ मध्ये जे. जे. अब्राम्स यांचं दिग्दर्शक म्हणून नाव जाहीर झालं. पटकथा सुरुवातीला मायकेल आर्ंट लिहीत होते. लवकरच झालेल्या एका बैठकीत नव्या चित्रपटाची कथा लुकास यांना ऐकवण्यात आली आणि त्यांच्या ध्यानात आलं की आपली सूत्रं बाजूला पडली आहेत. ते दुखावले. आयगर यांनी आपल्या आठवणींत हे मोकळेपणाने लिहिलं आहे: कराराप्रमाणे आपण वागलो, पण त्यांना आधी विश्वासात घेऊन सांगायला हवं होतं.

माझ्या मते हा निव्वळ शिष्टाचाराचा मुद्दा नाही. 'सूत्रं वापरायची नाहीत' हा निर्णय धंद्याच्या दृष्टीने योग्य असू शकतो. पूर्वकथांवर झालेली टीका ताजी होती, चाहत्यांना जुनी चव हवी होती, आणि लुकास यांनी पुढे एका मुलाखतीत आपल्या कल्पनेतली दिशा सांगितली तेव्हा ती बऱ्याच चाहत्यांना रुचली नसती हे त्यांनीही मान्य केलं. चूक वेगळीच होती. तिन्ही भागांचा एक आराखडा हातात असताना तो बाजूला ठेवला, आणि त्याच्या जागी तिन्ही भागांचा दुसरा आराखडा केलाच नाही. नव्या तिघांतला पहिला, म्हणजे मालिकेतला सातवा भाग अब्राम्स यांचा. दुसरा रायन जॉन्सन यांनी स्वतः लिहून दिग्दर्शित केला, आणि पहिल्याने सोडलेले काही धागे त्यांनी मुद्दाम उलट दिशेला नेले. तिसरा कॉलिन ट्रेव्होरो करणार होते; सप्टेंबर २०१७ मध्ये ते बाहेर पडले आणि अब्राम्स परतले. तीन भागांत एकच गोष्ट सांगायची असताना शेवट काय, हे तिसऱ्या भागाच्या तोंडावर ठरत होतं.

वेळापत्रक

कथा ठरली नव्हती, तारखा मात्र ठरल्या होत्या. खरेदीच्या घोषणेतच २०१५ मध्ये सातवा भाग आणि मग दर दोन-तीन वर्षांनी एक, असं सांगितलं गेलं. सातवा भाग मे २०१५ मध्ये येणार होता. पटकथा जमत नव्हती, आर्ंट बाजूला झाले, अब्राम्स आणि लॉरेन्स कॅस्डन यांनी लिखाण हाती घेतलं. केनेडी यांनी वेळ वाढवून मागितला. डिस्नेचं आर्थिक वर्ष सप्टेंबरअखेर संपतं, म्हणजे डिसेंबरला ढकललं तर सगळं उत्पन्न पुढच्या वर्षात जाणार. आयगर यांनी तरीही १८ डिसेंबर ही तारीख मान्य केली. हा निर्णय फळला. (आपल्याकडे त्या तारखेला 'बाजीराव मस्तानी' आणि 'दिलवाले' समोरासमोर होते, म्हणून भारतात हा चित्रपट आठवडाभर उशिरा, २५ डिसेंबरला लागला. बाजीरावापुढे आकाशगंगाही थांबली म्हणायची.)

हाच संयम तीन वर्षांनी दिसला नाही. हॅन सोलो या पात्रावरच्या स्वतंत्र चित्रपटाचे दोन्ही दिग्दर्शक जून २०१७ मध्ये, चित्रीकरण बरंच झालेलं असताना, काढले गेले. रॉन हॉवर्ड आले, पुष्कळसं काम पुन्हा करावं लागलं. तरी मे २०१८ ची तारीख हलली नाही. आठवा भाग डिसेंबर २०१७ मध्ये येऊन जेमतेम पाच महिने झाले होते, त्यावरून चाहत्यांत रण माजलेलं होतं. 'सोलो'ने जगभरात सुमारे ३९ कोटी डॉलर मिळवले आणि तो या मालिकेतला तोट्यात गेलेला पहिला चित्रपट ठरला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये एका मुलाखतीत आयगर यांनी वेळापत्रकाची जबाबदारी स्वतःवर घेतली; फार थोड्या वेळात फार जास्त दिलं, असा त्याचा अर्थ होता.

परिणाम

सातव्या भागाने, म्हणजे 'द फोर्स अवेकन्स'ने, जगभर २ अब्ज डॉलरचा टप्पा ओलांडला. पुढचे चार धरून २०१९ पर्यंत पाच चित्रपटांची एकूण तिकीटविक्री सुमारे ५.९ अब्ज झाली. या आकड्यातून ४.०५ वजा करून नफा काढणारे लेख खूप दिसतात. तो हिशेब चुकीचा आहे. तिकिटाच्या पैशांतला साधारण निम्मा वाटा थिएटरवाल्यांकडे राहतो, त्यावर निर्मिती आणि जाहिरातीचा खर्च. उलट, खेळणी, उद्याने आणि डिस्ने प्लस ही घरबसल्या पाहायची ऑनलाइन सेवा यांतली कमाई त्यात धरलेलीच नसते. 'द मँडलोरियन' ही मालिका नोव्हेंबर २०१९ मध्ये डिस्ने प्लससोबतच सुरू झाली, आणि ती नसती तर त्या सेवेचा पहिला दिवस बराच फिका गेला असता. तिच्यातलं हिरवं बाळ जगभर गाजलं, पण गुपित फुटू नये म्हणून खेळणी आधी बनवलीच नव्हती. बेचाळीस वर्षांनी पुन्हा नाताळात दुकानं रिकामी!

सगळंच साधलं असंही नाही. लुकासआर्ट्सचं गेमनिर्मितीचं काम एप्रिल २०१३ मध्ये बंद झालं, माणसांच्या नोकऱ्या गेल्या. कादंबऱ्या आणि कॉमिक्समधून वर्षानुवर्षं वाढलेलं विश्व २०१४ मध्ये 'लेजंड्स' या शिक्क्याखाली अधिकृत कथेबाहेर काढलं गेलं. फ्लोरिडातलं महागडं अंतराळयान-हॉटेल मार्च २०२२ मध्ये उघडलं आणि दुसऱ्या वर्षी सप्टेंबरमध्ये बंद झालं. २०१९ नंतर पाच वर्षं उलटली तरी थिएटरात नवा भाग आला नव्हता. सोबत मिळालेल्या इंडियाना जोन्सचा २०२३ मधला भागही आपटला. इंडस्ट्रियल लाइट अँड मॅजिकची मात्र भरभराट झाली. तिचा स्टुडिओ आज मुंबईतही आहे.

फॉक्सकडच्या वितरण हक्कांचा गुंता कसा सुटला? मार्च २०१९ मध्ये डिस्नेने फॉक्सचा मोठा भाग ७१.३ अब्ज डॉलरना घेतला, तेव्हा. तो व्यवहार अर्थातच यासाठी नव्हता.

लुकास यांचं पैशाच्या बाजूने उत्तम झालं. ५० डॉलरचा शेअर २०१५ अखेरीस १०० च्या वर गेला. म्हणजे ते शेअर हातात ठेवले असतील तर निव्वळ त्यांचीच किंमत तोवर संपूर्ण व्यवहाराच्या किमतीजवळ पोचली होती. विक्रीचा मोठा वाटा शिक्षणाला देणार असल्याचं त्यांनी तेव्हाच सांगितलं होतं. नव्या चित्रपटांबद्दलची नाराजी त्यांनी २०१५ मध्ये एका मुलाखतीत इतक्या कडवटपणे मांडली की मागाहून माफी मागावी लागली. तरीही गुंतवणूकदार नेल्सन पेल्ट्झ यांनी डिस्नेच्या संचालक मंडळात जागा मिळवण्यासाठी चाल केली, तेव्हा मार्च २०२४ मध्ये लुकास जाहीरपणे आयगर यांच्या बाजूने उभे राहिले.

काय वेगळं करता आलं असतं

लुकास यांच्या बाजूने पाहिलं तर सल्लागारपदाला काही ठोस आकार देता आला असता. दिग्दर्शक ठरण्याआधी एक बैठक, पहिला कथाआराखडा झाल्यावर दुसरी, एवढं जरी लिहून घेतलं असतं तरी अंतिम अधिकार डिस्नेकडेच राहिला असता आणि धक्का बसला नसता. दुसरा मार्ग अधिक स्वच्छ होता: सूत्रं द्यायचीच नाहीत. ती दिल्याने भाव किती वाढला हे सांगता येत नाही, पण अपेक्षा नक्कीच वाढली. कराची तारीख डोक्यावर नसती तर या मुद्द्यावर त्यांनी जास्त ताणून धरलं असतं, असं मला वाटतं.

डिस्नेच्या बाजूने, गुंतवणूकदारांना २०१५ ही तारीख पहिल्याच दिवशी सांगण्याची सक्ती कोणी केली नव्हती. चार अब्ज कशासाठी, या प्रश्नाला उत्तर म्हणून ती दिली गेली आणि पुढची सात वर्षं कथाकार तिच्यामागे धावत राहिले. केनेडी यांना केवळ तारीख मागण्याचा नव्हे, तर तिन्ही भागांचा आराखडा मंजूर होईपर्यंत पहिल्याचं चित्रीकरण रोखण्याचा अधिकार हवा होता. मार्व्हलमध्ये केव्हिन फायगी यांच्याकडे अनेक चित्रपटांचा धागा एका हातात ठेवण्याचं काम होतं. लुकासफिल्ममध्ये ती जागा पूर्वी स्वतः लुकास भरून काढत. ते बाजूला झाले, आणि त्यांच्या खुर्चीत निर्माता बसला, कथाकाराची जागा मोकळी राहिली.

आणि ती बैठक. कथा ऐकवायचं काम सर्जनशील चमूवर सोडण्याआधी आयगर यांनी एकट्याने लुकास यांना भेटून सांगायला हवं होतं की सूत्रं वापरत नाही आहोत, कारण हे हे आहे. अब्राम्स यांचं नाव जाहीर होण्याआधीच्या त्या चार-पाच आठवड्यांत, नुकतीच सही झालेली असताना, ते सर्वांत सोपं होतं.